शून्य डोळ्यांचा राक्षस

घणसोलीत, सेक्टर सातला, पिठाच्या गिरणीच्या वर
आमची बालवाडी. दोन खोल्या, एक गॅलरी.
खाली पट्टा फिरू लागला की फरशी थरथरते
आणि मुलं म्हणतात, बाई, राक्षसाचं पोट गुरगुरतंय.
तिथूनच सुचलं.
फळ्यावर लिहिलं: या आठवड्यात राक्षस.

पालकांच्या ग्रुपवर लगेच एक आई:
घाबरणार नाहीत ना? आमचा अजून पांघरूण डोक्यावरून घेतो.
मी उत्तर दिलं, घाबरणार नाहीत, मोजतील.
हे लिहून मला स्वतःचंच फार कौतुक वाटलं.

मासळीबाजाराजवळच्या शिंप्याकडून
पिशवीभर बिनजोडीची बटणं आणली.
केणीकाकूंनी ती साबणाच्या पाण्यात धुतली,
गॅलरीत वाळत घातली, पुटपुटत:
एखादं गिळेल, मग धावा वाशीला.
अंड्यांचे ट्रे, बुटांचे खोके, बाटल्यांची झाकणं,
लोकरीचा गुंता. डिंक.
डिंक कुठे कुठे लागला ते विचारू नका.

ऋग्वेदच्या राक्षसाला अकरा डोळे,
पण मोजताना सात दर वेळी गळतो,
सहावरून उडी थेट आठावर,
लिफ्ट एखादा मजला सोडून जाते तशी.
अल्फियाच्या राक्षसाला पुढे चार, मागे एक.
"अम्मी भाकरी थापताना मागून बघते ना, तो."
दर्पणनं सगळी बटणं तोंडात भरली.
राक्षसाच्या. मी दोनदा तपासलं.

कस्तुरी तांडेलच्या खोक्यावर एकच बटण,
मोठं, तपकिरी, कुणाच्या तरी कोटाचं.
किती डोळे गं?
"शून्य."
मी त्यावर बोट ठेवलं. हा बघ, एक.
तिनं माझं बोट दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवलं,
बटणावर कापूस चिकटवला.
"शून्य, बाई. आणि हळू बोला."

मी तक्त्यात नोंद केली: मोजणी, सराव हवा.

मंगळवारी राक्षसांना भरवलं.
मंगळवारचे राक्षस फक्त 'क' खातात:
कणीस, कप, कंगवा, कागदाचा कावळा.
कस्तुरीनं सगळी चित्रं एका डब्यात ठेवली,
वर झाकण लावलं.
"उठल्यावर खाईल."

बुधवारी आवाज. लहान आवाज, मोठा आवाज,
मग सगळ्यात मोठा.
गिरणीवाला पिठाच्या भुवया घेऊन वर बघायला आला.
त्या गदारोळात ही एकटी
ओठांवर बोट ठेवून बाकाबाकाशी जात होती,
कोणी ऐकेना, तेव्हा राक्षस दप्तरात घालून
त्याच्यावर रुमाल पसरला, कडा नीट खोचल्या.
चार वर्षांच्या मुलीला कडा खोचता येतात
हे मी तक्त्यात कुठे लिहू, त्याला रकानाच नव्हता.

शुक्रवारी तिला न्यायला वडील आले. पहिल्यांदाच.
रबाळ्याच्या कंपनीत रात्रपाळी, आठ महिने झाले.
डोळे लाल, शर्टाची बटणं एक घर चुकून लावलेली.
"ही बोलते का वर्गान? घरान त नुसती कुजबुजते.
मी झोपलेला असतो ना.
हिची आई भांडी घासायला शेजारणीकडे नेते,
कुकरला शिट्टी लावत नाय."
सांगताना त्यांचाही आवाज खालीच होता,
सवयीनं.

कस्तुरीनं दप्तरातून खोका काढला.
कापूस ओढला, थोडा तिथेच चिकटून राहिला.
"एक," ती म्हणाली. मोठ्यानं.
मग वडलांना खाली वाकायला लावलं,
डिंकाचं बोट त्यांच्या पापणीजवळ नेलं.
"दोन. तीन."

ती दोघं जिना उतरून गेल्यावर
मी तक्ता उघडला, खोडरबर घेतलं.
कागद स्वस्तातला, नोंद पुसताना फाटला,
त्याच्या मागच्या पानावर ऋग्वेदची नोंद होती,
तीही अर्धी गेली.
गॅलरीत तो आईची वाट बघत
मजले मोजत होता समोरच्या इमारतीचे,
पाच, सहा, आठ.