बघणारे

एकतीस वर्षं मुलुंड नाक्यावर जकात लिहिली.
ट्रक आला की आधी टायर बघायचो,
कागद नंतर.
कागद म्हणायचा कापूस, टायर म्हणायचे लोखंड.
नाका बंद झाला. सवय राहिली.

आता परळला, हॉस्पिटलमागच्या गल्लीत
फ्रेनीबाईंच्या ट्रस्टचे हिशेब बघतो, फुकट.
फुटपाथवर मुक्काम केलेल्या पेशंटांच्या माणसांना
रात्री खिचडी, सकाळी पेलाभर दूध.
एवढाच आमचा व्याप.

मीटिंगमध्ये ठरलं, देणारे लोक मोबाइलवर असतात,
तर आपणही तिथे जाऊ.
दोन लाख साठ हजार दिले.
महिन्याने निमिष सबनीस आला, काचेच्या ऑफिसातून,
रंगीत रिपोर्ट घेऊन:
नऊ लाख चाळीस हजारांनी बघितलं, काका!

देणग्या आल्या सात.
एक फ्रेनीबाईंच्या भाचीची.

म्हटलं, वेळा दाखव.
पहाटे तीन दहा ते तीन बारा
एक्केचाळीस हजार माणसं एकदम जागी झाली,
खिचडीच्या फोटोवर बोट ठेवलं
आणि परत झोपली.
कुणी कूस बदलली नाही.
कुणाला खोकला आला नाही.

पोरगा वाईट नव्हता. पंधरा दिवसांनी स्वतःच फोन केला.
कुठल्याशा गाळ्यात, म्हणाला, लोखंडी मांडणी,
मांडणीवर फोनच फोन, एक टेबलफॅन,
वायरी सांभाळायला एक मुलगा. ते बघतात.
कोण बघतं?
कुणी नाही, काका. कुणी नाही तेच बघतात.

त्याच मांडणीवर पालिकेची डेंग्यूची जाहिरात लागली होती:
पाणी साचू देऊ नका.
फोनांनी ती सहा लाख वेळा पाहिली.
फोनाला डास चावत नाही.
आमच्या दुसऱ्या मजल्यावर तांडेलांच्या मुलीला चावला,
गच्चीतलं पिंप झाकायचं कुणाला सुचलं नाही.
घरपट्टीची पावती माझ्याकडे फाइलला आहे.
तिच्यातले किती रुपये त्या टेबलफॅनखाली बसले
ते पावतीवर येत नाही.

चौकीत गेलो.
काय चोरीला गेलं?
बघणारे.
म्हणजे होते आणि गेले?
नव्हतेच.
आजोबा, नव्हते ते गेले कसे? पाणी घ्या.

पाणी घेतलं.
आणि नव्वद सालची दिवाळी आठवली,
ती एक रात्र, सलग चौदा ट्रक,
ज्यांचे टायर मी बघितले नाहीत.
पाकीट बायकोला दाखवलं नव्हतं.
ते पैसे कुणाचे होते,
तेव्हा कुठल्या चौकीत विचारायला गेलो होतो?

पेला तेरा रुपयाला पडतो.
वीस हजार पेले.
कुठल्या खात्याला टाकू, फ्रेनीबाईंना विचारलं.
त्या म्हणाल्या, किणी, आधी दूध गरम आहे का बघा.

म्हणून हल्ली सकाळी किटलीबरोबर मीच उतरतो.
मोजतो. मोठ्याने.
जालन्याची एक बाई, नवरा चौथ्या मजल्यावर,
विचारते, फोटो काढणार का?
नाही, म्हणतो, नुसतं मोजतोय.
पेला भाजतो तिला.
ती एक बोट उचलते,
फुंकर घालते,
परत ठेवते.

एक.