रिकामा चौकोन

"लेक म्हणती, पप्पा, तुम्ही लागत नाही."
तिप्पाण्णा मगदूम लॅपटॉप उशीच्या अभ्र्यात घालून आलेले.
काउंटरवर ठेवला, दोन्ही हातांनी.
"आणि मी तर हितंच असतोय ओ, मुल्लाणीबाई.
पाचपासनं समोर बसून. हालत न्हाई."
पाचाला, कारण रॉटरडॅमला तेव्हा
तिची जेवणाची सुट्टी.

शाहूपुरीत तळघरात माझं दुकान,
वर बेअरिंगवाला.
राऊटर त्यांनी दोनदा बदलून झालेला.
केबलवाल्यानं दोष भिंतीला दिला,
जावयानं केबलवाल्याला,
शेजारचं पोरगं म्हणालं, विंडोज नवीन मारा.
मी ड्रायव्हर काढला, परत घातला.
तासभर माझा हात चालू होता तोवर
नेट कसं, गुमान.
चहा प्यायला वर गेले, खाली आले,
तर कोपऱ्यातली ती छोटी कमान विझलेली.

हात लावला. उजळली.
सोडून दिला. अकरा मिनिटं. गेली.

तेव्हा ट्यूब पेटली.

डिव्हाइस मॅनेजर, नेटवर्क अ‍ॅडॉप्टर,
राईट क्लिक, प्रॉपर्टीज,
अगदी टोकाचा टॅब, पॉवर मॅनेजमेंट,
आणि तिथं एक चिमुकला चौकोन, पोटात टिक:
वीज वाचवण्यासाठी हे कार्ड बंद करायची
संगणकाला मुभा आहे.

"कुणी दिली मुभा?"
कुणी नाही ओ. कारखान्यातनंच तशी येते.
कुणी काही करताना दिसलं नाही
की मशीन समजतं, कुणी नाहीच.
आणि वाट बघणं त्याला दिसणार कुठून,
त्यात ना कळ दाबली जाते
ना बाण हलतो.

मगदूम चष्मा कपाळावर चढवून बघत राहिले.
एकतीस वर्षं उद्यमनगरात, फाउंड्रीत, पॅटर्न शॉपला.
"आमच्यात असलं चालत नव्हतं.
जेवणाच्या सुट्टीत भट्टी बारीक करायची,
विझवायची न्हाई.
विझली की लोखंड आतच थिजतंय.
मग बसा फोडत, अस्तरासकट."

टिक काढली. ओके दाबलं.
एवढंच?
एवढंच.
पण खात्री कशी करायची?
बाकी सगळं चालवून बघतात,
हे न चालवता बघायचं.
म्हणून बसलो दोघं, हात मांडीवर ठेवून,
शाळा तपासणीला आल्यावर बसतात तसे.
वर शटर खाली आलं.
एक गिऱ्हाईक जिन्यावरनंच डोकावलं,
आमच्याकडं बघितलं
आणि न बोलता परत गेलं.
मगदूमांच्या डाव्या अंगठ्याला नख नाही,
हे मला त्या वेळात दिसलं.

अकरा मिनिटं.
वीस.
कमान जागच्या जागी.
फोन काही आला नाही,
तिकडची सुट्टी कधीच संपलेली.
"चालतंय," ते म्हणाले,
फोनबद्दल की कार्डाबद्दल, मी विचारलं नाही.

निघताना खिशातनं सुतारी पेन्सिल काढली,
माझ्याच पावतीच्या पाठीवर
एकेक पायरी लिहून घेतली, नंबर घालून.
मी म्हटलं, अपडेट आला की टिक कधीकधी
आपोआप परत येऊन बसते, तेवढं बघत जावा.
तेही लिहिलं.
मग खाली एक चौकोन काढला,
पट्टी नसताना चारी कोन काटकोनात,
आणि आत
काही भरलं नाही.