पाणी उभं असताना

पदाजी मढवी, वय एकाहत्तर, घणसोली गाव.
चार तास उपाशी, सकाळपासून चहाही नाही.
क्रिएटिनिन ठीक. सही मराठीत, लांबलचक,
शेवटच्या वेलांटीला शेपूट.

नाडी ब्याऐंशी.
मला साठ हवी.

गोळी दिली, तासभर थांबा म्हटलं,
निळी खुर्ची दाखवली. सून म्हणाली,
यांना बसवणं हेच मोठं काम.
ते बसले नाहीतच. भिंतीला तळवा लावून उभे.
"खाली पंप चाललाय का गो?"

चाललेला असतो. उधाणाला तळघरात पाणी येतं,
गाड्यांची चाकं भिजतात,
बिल्डिंगचं पत्र येतं, आम्ही फायलीला लावतो.
"येनारच," ते म्हणाले. "खार व्हती आमची.
तुमचं रिसेप्शन हाय, तिथं उघारी."

मी उदगीरची. उघाडी काय असते
ते त्यांनी हाताची फळी करून दाखवलं:
सुकतीला आपोआप उघडते, गोडं बाहेर सोडते,
भरतीला मिटते, खारं आत घेत नाही.
म्हणजे झडप, मी म्हटलं.
झडप कसली, फळीच ती, सागाची,
कुजली की बदलायची.

चौऱ्याहत्तर.
अडुसष्ट.

"साठच कशाला पायजे?"
हृदय हलतं, आजोबा. हललेलं पुसट येतं.
दोन ठोक्यांच्या मधे ते जरासं निवांत असतं
तेवढ्यात फोटो काढायचा.
नाडी मंदावली की ती फट रुंद होते.

बराच वेळ बोलले नाहीत.
मग म्हणाले, "पानी उबं ऱ्हातं तवा.
भरती सरली, सुकती लागली नाय.
बांधाची खांड तवाच बुजवायची.
बापूस सांगायचा, हात चालव, बोलू नको."

एकसष्ट. चला.

जिभेखाली फवारा, डोकं जरा ठणकेल.
औषध शिरलं की अंगभर ऊन पसरेल,
लघवी झाली असं वाटेल, झालेली नसते.
दिवसातून नऊदा सांगते, नऊदा कुणीतरी लाजतं.
मी काचेच्या अलीकडे आले.
मशीनमधला आवाज माझाच,
कंपनीचा होता तो गावातल्यांना कळेना:
श्वास घ्या. धरून ठेवा.
रेकॉर्ड केलं त्या दिवशी मला सर्दी होती.
त्यात ती अजून आहे.

आणि पडद्यावर
डावीकडची, खाली उतरत जाणारी,
तिच्या काठाकाठानं पांढरं.
कॅल्शियम आपल्या मापाहून मोठं चमकतं,
वाट आहे त्याहून अरुंद दिसते.
किती खरोखर अरुंद आणि किती नुसता उजेड
हे डॉक्टर निमकर संध्याकाळी बघतील,
चष्मा कपाळावर, नाक पडद्याला टेकवून.
लिहितील पन्नास ते सत्तर टक्के,
किंवा लिहितील, यावरून सांगता येत नाही,
नळी घालून पाहावं.
मला काही लिहायचं नसतं.
चेहऱ्यावरसुद्धा.

"दिसलं?"
शर्टाचं बटण चुकीच्या काजात.
फोटो छान आलाय, मी म्हटलं, आणि ते खरं होतं.
"छान म्हंजे?"
हलला नाहीत तुम्ही.

हे त्यांनी ठेवून घेतलं,
आधी न मागितलेल्या पावतीसारखं.
कापूस दाबून धरा. आज पाणी भरपूर प्या.
"पानी," म्हणाले, आणि हसले.

जाताना रिसेप्शनपाशी थांबून
चपलेच्या टोकानं लादी ठोकली, दोनदा,
सुनेपुढे हाताची फळी धरली,
उघडली, मिटली. ती फोनवर होती.

पुढच्या बाईंची नाडी नव्वद.
मी गोळ्यांचा डबा उघडला, तेवढ्यात
खालचा पंप थांबला.
तीन वर्षं इथे आहे,
तो थांबल्याचं आज ऐकू आलं.