दहा चाळीस, अकरा पंचवीस

नगरपालिकेच्या तळघरात आमचा आयोग.
पाण्याचं बिल भरायला आलेली माणसं
चुकून आमच्या खिडकीशी उभी राहतात,
आणि आमची माणसं वर, पार्किंगच्या दंडाच्या रांगेत
अर्धा तास घालवून खाली येतात.
ओहायोतल्या या नदीकाठी
शेवटची भट्टी विझली त्या वर्षी मी इथे लागलो.
काम एवढंच : अर्ज घ्यायचा, तारखेचा शिक्का मारायचा.

अर्ज आठ पानी. चौथ्या पानावर चौकटी :
वंश, धर्म, लिंग, अपंगत्व, पदरी मुलं असणं.
माणसं पेन हातात धरून विचारतात,
त्याच्या मनात काय होतं ते मला कसं ठाऊक?
मी सांगतो, वाटेल तिथे फुली मारा.
व्हर्नेटा ट्रिम्बलने एक मारली.
दारापर्यंत गेली, परत आली,
दुसरी मारली. नातू तिच्याकडे असतो.

घरमालकाचं नाव वाचलं आणि शिक्का हातातच राहिला.
गॅरी हलुपका.
आम्ही एकाच चर्चचे. उपवासाच्या शुक्रवारी
तळलेल्या मासळीची पंगत असते तळमजल्यावर,
तिथे तो बटाटे वाढतो.
माझ्या बायकोच्या दुखण्यात
आमच्या अंगणातला बर्फ त्याने उपसला होता,
न सांगता, दोन हिवाळे.

मी साहेबांना लिहून दिलं : ओळख आहे.
फाइल रोझलिंड आख्टरबर्गकडे गेली.
शिक्का मात्र मीच मारला. दिवस एकशे एकाहत्तरावा.
एकशे ऐंशीपर्यंत चालतं.
(बेकरीतला तो कानात यंत्र घालणारा पोरगा
एकशे त्र्याऐंशीव्या दिवशी आला होता.
कामावरून काढल्याचं पत्र त्याने
पावरोटीच्या पिशवीत जपून आणलं होतं.
त्याला मी काय सांगितलं, ते राहू दे.)

रोझलिंडने दोघींना फोन करायला लावला.
एकीच्या बोलण्यात दक्षिणेकडचा सूर, आमच्या टेकडीवरच्या वस्तीचा.
दुसरीच्या बोलण्यात काहीच नाही.
नोंदवहीची झेरॉक्स माझ्याच मशीनवर निघाली,
डोळे मिटून झेरॉक्स काढता येत नाही.
दहा चाळीस : जागा गेली हो, कालच गेली.
अकरा पंचवीस : या ना बघायला,
स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी आहे.

सात महिने.
उत्तर, उत्तराला मुदतवाढ, वकिलाचं पत्र,
मग "सकृद्दर्शनी तथ्य आढळते",
मग लांब टेबल, पाण्याचे दोन जग, समेट.
बत्तीसशे डॉलर. चार तासांचं प्रशिक्षण.
कलम सहा : कोणताही दोष मान्य न करता.

व्हर्नेटाने कलम सहावर बोट ठेवलं.
म्हणजे तो तसं बोललाच नाही, असं?
रोझलिंड म्हणाली, तसं नाही.
मग कसं?
रोझलिंडने पाण्याचा जग थोडा सरकवला.

तोवर ती बहिणीकडे राहायला गेलेली, नदीपलीकडे.
गाडीचे ब्रेक गेले होते, पोराच्या दाढेचं बिल होतं.
तिने सही केली, टोपण लावलं,
आणि माझ्या खिडकीशी येऊन
नोंदवहीच्या त्या एका पानाची प्रत मागितली.
दहा सेंट पडतात.
तिने नाणं सरकवलं. मी पावती फाडली.
एवढंच काय ते माझ्या हातून तिला मिळालं.

शुक्रवारी पंगत.
मी कोपऱ्यात बसलो होतो, समोरची खुर्ची रिकामी.
हलुपका वाढप आटपून आला, हातात स्वतःचं ताट,
घामेजलेला, थोडा म्हातारा झालेला.
खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला,
इथे कुणी आहे का रे?

मी घड्याळाकडे बघितलं.
मासा निवत होता.
त्याने पुन्हा विचारलं.