दोन रकाने

मात्सालूच्या खाडीवर अजून उजाडायचंय.
लाकडी मनोऱ्याच्या पायऱ्या हेल्वे मोजत नाही,
गुडघेच मोजतात.
बाकावरचं दंव ती बाहीने पुसते,
थर्मास ठेवते, राईच्या पावाची पुरचुंडी,
आणि वही. रकाने दोनच:
पाहिला. ऐकला.

खाली बोरूचं रान, गेल्या सालचं, वाळकं,
मुळाशी नवं हिरवं नुकतं पाण्याबाहेर.
धुक्यात कलहंस
नावाला जागून भांडतायत.
चाळीस लिहू? बेचाळीस लिहिते.
आत कुठेतरी तापस घुमतो,
रिकाम्या बरणीत कुणी फुंकावं तसा;
तो फळीतून तळव्यांना कळतो.
एल्कची मादी पोटभर पाण्यात उभी,
तोंडातून धार गळतेय. घाई नाही.
हेल्वेलाही नाही.

मग तो. दहा हातांवर,
वाळुंजाच्या सुक्या काटकीवर,
मातकट, अंगठ्याहून थोडा मोठा
वटवट्या.
चोच सताड उघडी,
गळा शिवणयंत्राच्या सुईसारखा,
शेपटीपर्यंत अख्खा पक्षी थरथरतोय,
आणि आवाज नाही.

तिने दुर्बीण काढली, पुसली, परत लावली.
जणू दोष काचेत होता.

हापसालूच्या डॉक्टरने मार्चमध्ये कागद दाखवला होता:
रेघ डावीकडे सरळ, उजवीकडे घसरत पार खाली.
बारीक आवाज आधी जातात, म्हणाला, जाडे राहतात.
म्हणजे काल्यूचा ट्रॅक्टर राहणार,
असं म्हणून ती हसली होती.

एकतीस वसंत हा फक्त ऐकला.
तो बोरूत, ती वर,
आणि मध्ये रिळावरून सुटत राहावी
तशी ती न तुटणारी किर्र.
दर्शन म्हणून नाही.
आज समोर आहे, पिसन् पीस,
जिभेचा पिवळा सुद्धा दिसतोय.

पेन्सिल पहिल्या रकान्यात एक आकडा मांडते.
दुसऱ्यापाशी थांबते.

आजूबाजूला कोणी नाही हे बघून
हेल्वेने जीभ दातांमागे टेकवली
आणि आठवत होती तशी ती किर्र
स्वतःच काढली.
बरोबर आली का, तिला कळायला मार्ग नव्हता.

पक्ष्याने चोच मिटली.
मान वाकडी करून मनोऱ्याकडे पाहिलं
बराच वेळ,
अनोळखी गावात कुणी आपल्या बोलीत
चुकीचं काही बोलावं, तसं.

मग ती गप्प बसली.
तो पुन्हा सुरू झाला असावा.
गळा हलत होता.