पासिंगची आदली रात्र

पासिंगच्या आदल्या रात्री
उसगावच्या नाक्यावर माझं शटर अर्धंच खाली असतं.
फोंडू टिप्पर आत घालतो, मागचा दिवा न लावता,
आणि म्हणतो, "सगुणबाब, काप."

कापतो.
हौद्याच्या काठावर मीच चढवलेली पट्टी,
नऊ इंच उंच,
जिच्या जिवावर दर खेपेला दोन-तीन टन माल जास्त जातो
आणि पावतीवर कधीच जात नाही.
ज्योत निळी होते.
लोखंड आधी लाजतं, मग पाझरतं.
ग्राइंडर फिरवून कड गुळगुळीत करायची,
वर करडा रंग, रंगावर मूठभर खाणीची तांबडी धूळ,
म्हणजे आजचा घाव पाच वर्षांचा दिसतो.

तिकडे कायतान इंजिनात कमरेपर्यंत.
पंपाचा स्क्रू अडीच आटे मागे,
फिल्टर नवा, पण उसना, परवा परत करायच्या बोलीवर.
"उद्या ही गाडी धूर नाही, उदबत्ती सोडेल."
चढावर ओढणार नाही म्हणा,
पण ऑफिसच्या आवारात चढ कुठाय?

प्रेशर हॉर्न काढून पेपरात गुंडाळला.
बंपरवरचे जादा दिवेही.
कपाळावर सातेरी प्रसन्न,
आणि त्या रंगाखाली, ऊन तिरकं पडलं तर,
पहिल्या मालकाची सायबीण अजून दिसते.
फोंडू दरवर्षी सांगतो, खरवड.
मी दरवर्षी विसरतो.

सकाळी फोंड्याला रांगेत सतरावे.
इन्स्पेक्टर नवी, कुंडईकर म्हणून कोणी बाई,
पायात कॅनव्हासचे बूट, हातात खडू.
सायलेन्सरात नळी खुपसून म्हणाली,
"दाबा. सोडा. परत दाबा."
यंत्रानं चिठ्ठी बाहेर काढली. आकडा मर्यादेच्या खूप आत.
कायतान मिशीतल्या मिशीत हसला.

मग ती हौद्यावर चढली.
टेप लावली नाही.
काठावरून बोट फिरवत गेली, सावकाश,
एका शिंपिणीनं दुसरीची शिवण चाचपावी तशी.
"हा जुना कट. त्यावर जोड. पुन्हा कट."
ओठ हलत होते.
"सात वेळा," ती म्हणाली. "हात कुणाचा?
टाका सरळ आहे."

बावीस वर्षांत
माझ्या टाक्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.
फोंडू डोळ्यांनी नको नको म्हणत होता,
आणि मी पुढे झालो.
"माझा."

"मग तुम्हाला ठाऊक असणार,
इतक्यांदा तापवलेलं लोखंड
एक दिवस भर उतारावर तडकतं.
मागून कोण येत असेल, ते आपण निवडत नाही."
खडूनं फुली मारली, टाक्याच्या बरोबर वर,
आणि खाली उतरून थेट केबिनमध्ये बसली.
"चला. फर्मागुडीचा चढ."

अर्ध्या चढावर गाडी घोरायला लागली.
पाठीमागे बस, बसमागे स्कूटर, स्कूटरवर माशांची टोपली.
हॉर्न, शिव्या, सगळं आमच्यावर.
शेवटी कायतान खाली उतरला,
बाईकडे न बघता त्यानं बॉनेट उघडलं
आणि स्क्रू फिरवला अडीच आटे.

गाडी चढली.
आरशात रस्ता नव्हता,
नुसता एक काळा पडदा,
आणि त्यातून एकेक करून बाहेर येणारी
शाळेची पोरं, नाकावर रुमाल,
एकीनं तर कंपासपेटी धरली होती नाकावर.
बाई काहीच बोलली नाही.
फॉर्मवर लिहीत राहिली, गाडीच्या धक्क्यांनी अक्षर हलत होतं.

संध्याकाळी फोंडू परत आला, कागद चुरगळून खिशात.
"नवा काठ घाल म्हणते. अख्खा. मापात.
पैसे काय सातेरी देणार?"
मग थोडा वेळ थांबून,
"जुनी पट्टी आहे ना रे?"

दुकानासमोरच्या गटारावर घातली होती मी ती,
म्हाताऱ्यांना ओलांडता यावं म्हणून.
"आहे," म्हटलं. "पाय देऊन बघ. मजबूत आहे."

त्यानं पाय दिला नाही.
टिप्पर तिथंच उभा ठेवून चालत घरी गेला.

सिलिंडर भरलेला आहे.
बोटाला अजून खडू लागलेला,
केव्हा लागला कोण जाणे.
शटर अर्धंच खाली.