कळशी भरायला लागणारा वेळ

मोटर पहिल्यांदा कुणी लावली
यावर आमच्या गल्लीत अकरा वर्षं एकमत नाही.
तराणेकर म्हणतात, चौरडियांनी.
चौरडिया म्हणतात, कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीवाल्याने.
लॉन्ड्रीवाला बोट दाखवतो माझ्याकडे,
आणि मी, खरं सांगायचं तर,
अर्ध्या हॉर्सपॉवरची ती निळी मोटर
तराणेकरांच्या एक हॉर्सपॉवरला घाबरून आणली होती.

नर्मदा एवढा घाट चढून येते इंदूरला,
एक दिवसाआड, पहाटे,
आणि शेवटच्या चाळीस फुटांत
आम्ही तिची ओढाताण करतो.

फेब्रुवारीत प्रकरण हातघाईवर आलं.
तराणेकरांनी चौरडियांचा पाइप कापला,
चौरडियांच्या सुनेने ठाण्यात अर्ज दिला,
मी मधे पडले आणि दोन्हीकडून वाईट झाले.
लग्नाची पत्रिका आली ती पोस्टाने,
बारा पावलांवरून.

मग गेंदालाल आला.
झोनचा वॉल्व्हमन, रिटायर व्हायला चार महिने उरलेले,
खांद्यावर ती लांब लोखंडी चावी.
कुणाचीच बाजू ऐकून घेतली नाही त्याने.
"भिया, खडू आहे का कुणाकडे?"

खडू माझ्या शिकवणीतला.
डांबरावर त्याने एक रेघ ओढली,
रेघेला सात फाटे, फाट्यांवर आम्ही, चौकोन होऊन.
यांनी ओढलं की त्यांचं कमी झालं,
त्यांचं कमी झालं की त्यांनी मोठी मोटर आणली,
मोठी आणली की... खडू फिरत फिरत
पहिल्या चौकोनाशी येऊन टेकला.

तराणेकर गुडघ्यावर हात ठेवून वाकले होते.
"ते ठीक. पण सुरुवात कुणी केली?"
"घाण्याच्या बैलाला विचारा," गेंदालाल म्हणाला,
"त्याचं पहिलं पाऊल कुठलं."

मग त्याने गटार काढलं, रेघेला खेटून.
सगळे एकदम ओढता तेव्हा पाइप रिकामा पडतो,
रिकामा पाइप सांध्यातून मिळेल ते ओढतो.
मागच्या साली कावीळ कुणाकुणाला झाली?

चौरडियांचा नातू.
माझा भाऊ.
तराणेकर स्वतः.
गल्लीत बराच वेळ फक्त
इस्त्रीच्या कोळशाचा तडतड आवाज.

माफी कुणीच मागितली नाही.
बरंच झालं. माफीला आधी
एक गुन्हेगार लागतो,
आणि खडूत तो सापडत नव्हता.

बुधवारी सातही मोटरी बंद.
पाणी आलं करंगळीएवढं,
पण सातही नळांना.
माझी कळशी भरायला सहा मिनिटं लागली.
सहा मिनिटं फार मोठी असतात.
समोर तराणेकर बादलीशी उभे,
काय बोलावं सुचेना,
म्हणून मी त्यांच्या जास्वंदीबद्दल विचारलं.
तिच्यावर मावा पडला होता म्हणे.

तिसऱ्या आठवड्यात, पाणी यायच्या वेळी,
कुठूनतरी घरघर ऐकू आली.
मी ताडकन उठून बसले.
शेजारची खिडकी उजळली, समोरची उजळली,
चौरडिया गॅलरीत येऊन कान देऊन उभे.
फ्रिज होता.
माझाच.

खडूची आकृती आता टायरांनी पुसली आहे.
गेंदालाल गावी गेला, देवासकडे कुठेतरी.
निळी मोटर माळ्यावर आहे, जुन्या चादरीत गुंडाळून.
विकलेली नाही मी.
तराणेकरांनीही विकली नसणार.